उपेक्षा म्हणजे दुर्लक्ष नव्हे : योगसूत्रातील चार भावना आणि वैद्यवृत्ती

योगशास्त्राचा विचार आपल्या व्यवसायात बहुधा रुग्णापुरताच होतो. कटिशूलाच्या रुग्णास भुजंगासन किंवा अनिद्रेच्या रुग्णास शवासन सुचविले की योगाचे काम झाले, असे आपण मानतो. वास्तविक पतंजलींच्या १९५ सूत्रांपैकी (काही पाठांत १९६) आसनाविषयीची सूत्रे केवळ तीन आहेत. या शास्त्राचा मुख्य विषय चित्त हा आहे, आणि चित्त जसे रुग्णास असते तसे वैद्यासही असते. म्हणून प्रस्तुत लेखात आम्ही एकच सूत्र घेऊन ते चिकित्सालयात व औषधी दुकानात कसे आचरावे याचा विचार करीत आहोत.

दोन ग्रंथ, चार वृत्ती

समाधिपादातील तेहतिसाव्या सूत्रात चित्त प्रसन्न करण्याचा उपाय सांगितला आहे. सुखी माणसाविषयी मैत्री, दुःखी माणसाविषयी करुणा, पुण्यवानाविषयी मुदिता आणि पापाचरणी माणसाविषयी उपेक्षा ठेवावी, असा त्याचा आशय आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील नवव्या, म्हणजे खुड्डाकचतुष्पाद अध्यायाच्या शेवटी वैद्याची वृत्तीही चतुर्विधच सांगितली आहे. मैत्री, आर्तांविषयी कारुण्य, साध्य व्याधीच्या रुग्णाविषयी प्रीती आणि ज्याचे मरण जवळ आले आहे त्याच्याविषयी उपेक्षा, असा तिचा क्रम आहे.

दोन्ही ग्रंथांतील साम्य उघड आहे; परंतु भेद अधिक बोधप्रद आहे. योगसूत्रात जेथे पुण्य आणि पाप आहे, तेथे चरकांनी साध्यता आणि असाध्यता ठेवली आहे. रुग्णाच्या सदाचरणाचा वा दुराचरणाचा हिशेब वैद्याने मांडावयाचा नाही, असा बोध आम्ही यातून घेतो. मद्यपानाने यकृत बिघडलेला रुग्ण समोर आला, तर तो उपेक्षेचा नव्हे, कारुण्याचा अधिकारी आहे. त्याच्या व्यसनाविषयी मनात उठणारा तिरस्कार आवरणे, ही त्या वेळची वैद्याची योगसाधना होय.

मैत्री आणि करुणा

मैत्रीने ईर्ष्येचा मळ धुतला जातो, असे टीकाकार सांगतात. आपल्याकडे गुण न आलेला रुग्ण बारामतीस अथवा पुण्यास जाऊन, कदाचित अन्य चिकित्सापद्धतीने, बरा झाला आणि बाजारात भेटला, तर त्या क्षणी आपल्या मनात काय उमटते हे ज्याचे त्याने तपासावे.

करुणेची परीक्षा इंदापूर तालुक्यात वर्षातून दोनदा होते. आषाढीपूर्वी संत तुकाराम महाराजांची पालखी निमगाव केतकी, इंदापूर, सराटी असे मुक्काम करीत जाते. त्या दिवसांत वारकऱ्यांची सेवा करणे सुखाचे असते, कारण सारे वातावरणच आपल्याला उचलून धरते. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणी कामगार फडाजवळ कोप्या घालून राहू लागतात, तेव्हाची परीक्षा कठीण. खाडा झाला तर पैसे कापले जातील या धास्तीने हा रुग्ण रात्री उशिरा येतो, घाईत असतो आणि पुन्हा येईलच याची शाश्वती नसते. त्याला दोन वेळा ताजा काढा करून घेण्यास सांगणे म्हणजे औषध न देण्यासारखेच आहे. त्याला पेलेल अशी वटी, त्याला परवडेल अशी मात्रा आणि कोणते लक्षण दिसताच रुग्णालय गाठावे याची स्पष्ट सूचना, हे कारुण्याचे व्यावहारिक रूप होय.

उपेक्षेचा खरा अर्थ

मराठीत उपेक्षा म्हणजे हेळसांड. मूळ शब्दात मात्र 'ईक्ष्' म्हणजे पाहणे हा धातू आहे. तटस्थपणे, आसक्ती न ठेवता पाहणे, असा अर्थ येथे अभिप्रेत आहे. आसन्नमरण रुग्णाविषयी चरक उपेक्षा सांगतात, तेव्हा त्याला वाऱ्यावर सोडावे असा अर्थ निघत नाही. रोग जिंकण्याचा आग्रह सोडावा, असा निघतो.

हा प्रश्न आज अत्यंत जवळचा आहे. अंतिम अवस्थेतील कर्करोगाच्या रुग्णाचे नातेवाईक सर्वत्र फिरून शेवटी आपल्याकडे येतात. त्या वेळी महागडे रसौषध लिहून देणे सोपे असते आणि घेणाराही नाही म्हणत नाही. न विचारता मरणाची वार्ता सांगू नये, असे चरक इंद्रियस्थानात बजावतात. परंतु सांगू नये याचा अर्थ खोटी आशा विकावी असा नव्हे. वेदना, मलावष्टंभ, मुखपाक, शय्याव्रण यांकडे लक्ष देणे, नातेवाइकांचा खर्च वाचविणे आणि योग्य ठिकाणी पाठविणे हे करता येते. पुण्यात वारजे येथे १९९७ पासून सिप्लाचे उपशामक सेवा केंद्र अशा कर्करुग्णांची विनामूल्य शुश्रूषा करीत आहे. तेथे पाठविणे हा वैद्याचा पराभव नव्हे.

उलट चूकही तितकीच घातक आहे. साध्य रुग्णास असाध्य ठरवून सोडणे किंवा शस्त्रकर्मसाध्य रुग्णास महिनोन्महिने औषधावर ठेवणे, यांस उपेक्षा म्हणता येणार नाही. ते केवळ दुर्लक्ष आहे. म्हणून साध्यासाध्यतेचा निर्णय आधी, वृत्ती नंतर.

औषधी विक्रेत्यांसाठी

हिंसा, असत्य, स्तेय इत्यादी दोष स्वतः केलेले, दुसऱ्याकडून करविलेले आणि अनुमोदन दिलेले असे तीन प्रकारचे असतात आणि त्यांच्यामागे लोभ, क्रोध वा मोह असतो, असे साधनपादाच्या चौतिसाव्या सूत्रात सांगितले आहे. दुकानातील नोकराने रुग्णास न पाहताच 'हमखास गुण येतो' म्हणून औषध दिले आणि मालकाने गल्ला पाहून मौन पाळले, तर तो दोष अनुमोदित ठरतो. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांनुसार अनुसूची ई(१) मधील विषारी द्रव्ये असलेल्या औषधांच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीची सूचना असते. कर्करोग बरा करण्याच्या जाहिरातीस १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. कायदा पकडल्यावर शिक्षा करतो. यम मात्र कोणी पाहत नसतानाही पाळावयाचा असतो.

नित्य साधना

अभ्यास आणि वैराग्य ही पतंजलींनी सांगितलेली चित्तनिरोधाची दोन साधने. आम्ही सुचवितो तो अभ्यास अगदी छोटा आहे. चिकित्सालय उघडण्यापूर्वी दहा मिनिटे स्वस्थ बसून श्वासाकडे लक्ष द्यावे. रात्री दिवसभराच्या रुग्णांपैकी चार आठवावेत : ज्याच्या बरे होण्याचा हेवा वाटला तो, ज्याच्यासाठी वेळ दिला नाही तो, ज्याचा गुण पाहून आनंद झाला तो, आणि ज्याला 'यापुढे औषध नको, सेवा हवी' असे सांगणे जड गेले तो. चौथे नाव रोज आठवेलच असे नाही. परंतु ज्या दिवशी आठवेल, त्या दिवशी त्या घरी एकदा जाऊन यावे.