कोहिमाची रणभूमी पायी पाहताना

आपल्याकडे लढाईची जागा म्हटली की पानिपतचे मैदान किंवा सह्याद्रीतला एखादा किल्ला आठवतो. भर शहरात, रस्त्याला लागून, घरांच्या आणि दुकानांच्या मध्येच एक रणभूमी असेल असे मनात येत नाही. नागालँडची राजधानी कोहिमा हे तसे शहर आहे. १९४४ साली एप्रिल ते जून या काळात इथे जी लढाई झाली, तिने जपानी फौजेची हिंदुस्थानातली आगेकूच थांबवली. ब्रिटनच्या नॅशनल आर्मी म्युझियमने २०१३ साली ब्रिटनची सर्वांत मोठी लढाई कोणती याचा कौल घेतला. त्यात वॉटर्लूलाही मागे टाकून पहिला मान कोहिमा आणि इम्फाळच्या लढाईला मिळाला. आपल्या शाळेच्या पुस्तकात मात्र तिला दोन-चार ओळींपलीकडे जागा नाही.

ही रणभूमी पायी पाहता येते. शहरातले माहीतगार गाईड बरोबर येतात आणि कुठे कोण होते, कुठून गोळी आली, पाणी कुठले प्यायले, ते जागेवर दाखवतात. चार-पाच तासांची ही पायपीट आहे. पायऱ्या आणि चढ पुष्कळ, पण रोज बांधावरून फिरणाऱ्याला ती जड जाणार नाही.

उतारावरची स्मशानभूमी

फेरी सुरू होते शहराच्या मध्यावर, गॅरिसन टेकडीच्या पायथ्याशी. इथे युद्धात पडलेल्यांची स्मशानभूमी आहे. डोंगरउतारावर भाताची खाचरे पाडावीत तसे टप्पे पाडलेले आहेत आणि प्रत्येक टप्प्यावर ओळीने थडगी आहेत. एकूण १,४२० जण इथे पुरले आहेत. थडग्यावर नाव, पलटण, तारीख आणि वय कोरलेले आहे. वये वाचताना पाय थबकतात. वीस, एकवीस, तेवीस. आपल्या घरातला मुलगा ज्या वयात बैल जुंपायला लागतो आणि त्याच्या लग्नाच्या गोष्टी सुरू होतात, ते हे वय.

पायथ्याशी एक मोठी उभी शिळा आहे. नागा लोक आपल्या माणसांच्या आठवणीसाठी अशाच शिळा उभ्या करतात. ही शिळाही नागा गावकऱ्यांनीच ओढून आणली. तिच्यावर इंग्रजीत कोरलेल्या दोन ओळी जगभर प्रसिद्ध आहेत. गावी परतणाऱ्याने इथल्यांची खबर घरी न्यावी, अशी ती विनवणी आहे.

टेनिसचे मैदान

वर चढून गेलो की एका सपाट तुकड्यावर टेनिसच्या मैदानाच्या रेषा आखलेल्या दिसतात. त्या वेळी इथे इंग्रज डेप्युटी कमिशनरचा बंगला होता आणि त्याच्या अंगणातले हे मैदान. एका कडेला जपानी खंदकात, दुसऱ्या कडेला आपली फौज. मध्ये अंतर किती, तर आपल्या खळ्याच्या दोन टोकांइतके. या कडेवरून त्या कडेला हातबॉम्ब फेकले जात होते. शेवटी १३ मे रोजी डोंगरावर वाट कोरून एक रणगाडा वर चढवला, तो वरून थेट मैदानात उतरवला, तेव्हा कुठे जपान्यांचे खंदक मोडले.

जवळच चेरीचे एक झाड आहे. मूळ झाडावर बसून जपानी नेमबाज गोळ्या झाडत. लढाईत ते झाड नष्ट झाले, पण बुंध्याला पुन्हा कोंब फुटला आणि आजचे झाड त्या कोंबातून वाढले आहे.

पाणी आणि रसद

वेढ्याच्या सुरुवातीला टेकडीवर सुमारे अडीच हजार माणसे होती, आणि त्यांतली हजारभर तर लढणारी नव्हती. समोर जनरल सातो याच्या हाताखाली जपान्यांची जवळजवळ सगळी डिव्हिजन, म्हणजे १२ ते १५ हजार सैन्य. पहिल्या काही दिवसांतच जपान्यांनी पाण्याचा साठा ताब्यात घेतला. मग टेकडीवरच्या माणसाला दिवसाला जेमतेम अर्धा लिटर पाणी मिळू लागले. दारूगोळा, अन्न आणि पाणी विमानातून छत्र्यांनी टाकत, त्यातले बरेचसे वाऱ्याने शत्रूच्या उतारावर पडे. जखमींना हलवायला जागा नव्हती. ते उघड्या चरांमध्ये पडून राहत आणि पडल्या जागी पुन्हा जखमी होत. १८ एप्रिलला मदतीची फौज पोहोचली तेव्हा टेकडीवरच्या झाडांचे नुसते खुंट उरले होते.

मग एवढे मोठे जपानी सैन्य हरले कशाने? तोफा आणि विमाने इंग्रजांकडे जास्त होती, हे खरेच. पण दुसरे कारण शेतकऱ्याला पटकन कळेल असे आहे. जपानी सेनापती मुतागुची याने सैन्याला फक्त तीन आठवड्यांची शिदोरी दिली होती. पुढचे धान्य इंग्रजांच्या कोठारांतून लुटून मिळेल, असा त्याचा हिशेब होता. चंगीझखानाचे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवून त्याने हजारो बैल फौजेबरोबर हाकलत नेले. आधी पाठीवर ओझी वाहावीत आणि मग त्यांचेच मांस खावे, असा बेत होता. मानेवर जू घेणारा बैल पाठीवर ओझे घेऊन उभा डोंगर चढत नाही, हे त्याला कोणा शेतकऱ्याने सांगायला हवे होते. कितीतरी बैल चिंदविन नदी उतरतानाच वाहून गेले, कितीतरी वाटेत बसले ते उठलेच नाहीत.

कोठारे हाती लागली नाहीत, पाऊस सुरू झाला आणि मागून दाणाही आला नाही. मेअखेरीस सातोने वरिष्ठांचा हुकूम मोडून सैन्य मागे घेतले. २२ जून रोजी कोहिमाकडून आणि इम्फाळकडून निघालेल्या फौजा रस्त्यावर एकमेकांना भेटल्या. इम्फाळ आणि कोहिमा मिळून सुमारे ३०,००० जपानी मेले असे मानतात. त्यांतले पुष्कळसे गोळीने गेले नाहीत, ते भुकेने आणि रोगराईने परतीच्या वाटेवर गेले. तीही कोणाच्या तरी शेतातून उचलून आणलेली मुलेच होती.

ज्यांचे गाव जळाले

गाईड तुम्हाला समोरचे कोहिमा गाव दाखवील. याला बडा बस्ती म्हणतात. अंगामी नागांचे हे जुने गाव लढाईत उद्ध्वस्त झाले. भांडण ना त्यांचे होते, ना त्यांनी ते बोलावले होते. तरी नागा लोकांनी पाठीवर दारूगोळा वाहिला, जखमींना डोंगर उतरवून नेले, वाटा दाखवल्या आणि शत्रूच्या खबरा आणल्या. लढाई संपल्यावर त्यांनी घरे पुन्हा उभारली आणि खाचरे पुन्हा लावली.

गॅरिसन टेकडीच्या दक्षिणेला जेल हिलसारख्या ज्या टेकड्यांसाठी इतकी माणसे गेली, त्या आता घरांनी आणि इमारतींनी भरल्या आहेत. गाईडने बोट दाखवल्याशिवाय काही कळत नाही. घसरून पडलेला एक रणगाडा मात्र शहरातल्या उतारावर अजून जपून ठेवला आहे. वेळ असेल तर अरादुरा टेकडीवरचे १९९१ चे मोठे चर्च पाहावे. त्याच्या बांधकामाला इथे मेलेल्या जपानी सैनिकांच्या नातेवाइकांनीही हातभार लावला.

मराठा पलटणीचा संबंध

कोहिमाच्या आधी मार्च १९४४ मध्ये मणिपूरच्या डोंगरात सांगशाक या गावी एक लढाई झाली. तिथे पॅराशूट ब्रिगेडबरोबर मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी बटालियन होती. पाण्याचे हाल तिथेही तसेच होते. २६ मार्चच्या रात्री माघारीचा हुकूम येईपर्यंत त्यांनी गाव सोडले नाही. कोहिमाकडे निघालेली जपान्यांची एक रेजिमेंट या लढाईत जवळजवळ आठवडाभर अडकून पडली. तेवढ्या दिवसांत कोहिमाची टेकडी सावरायला वेळ मिळाला. म्हणजे कोहिमा वाचले त्यात सातारा, कोकण, कोल्हापूर अशा भागांतून भरती झालेल्या पोरांचाही वाटा आहे.

आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. आझाद हिंद सेनेचे जवान याच मोहिमेत जपान्यांबरोबर होते. एकाच देशाची मुले दोन्ही बाजूंना होती. एक पोटासाठी आणि पलटणीच्या इमानासाठी लढत होता, दुसरा देश सोडवण्यासाठी. आझाद हिंदच्या जवानांची आठवण मणिपूरमध्ये मोइरांगच्या संग्रहालयात जपली आहे. दोघांनाही घरी वाट पाहणारी आई होती, एवढे आपण लक्षात ठेवावे.

भिंतीवरची नावे

स्मशानभूमीच्या सर्वांत वरच्या टप्प्यावर एक वेगळे स्मारक आहे. ज्या हिंदू आणि शीख सैनिकांना धर्माप्रमाणे अग्नी दिला, त्यांची ९१७ नावे इथे आहेत. त्यांना थडगे नाही, आहे ते फक्त नाव. घाईने फिरणारे पुष्कळ लोक टेनिसचे मैदान पाहून खालूनच परततात. तुम्ही मात्र वरपर्यंत जा.

आपल्याकडच्या अनेक खेड्यांत अजूनही आठवण निघते, की अमक्याचा चुलता ब्रह्मदेशाच्या लढाईत गेला तो परत आला नाही. तार आली, पेन्शन लागली, पण तो पडला कुठे हे कोणालाच कळले नाही. हे आता शोधता येते. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची यादी संगणकावर पैसे न देता पाहता येते. नाव, पलटण आणि शिपाई नंबर दिला की ते नाव कोणत्या स्मारकावर आहे ते कळते. कोहिमा, इम्फाळ, किंवा ज्यांचा ठावठिकाणाच लागला नाही अशांसाठी रंगूनजवळ टॉक्यान, यांपैकी कुठेतरी ते असू शकते. इंग्रजी स्पेलिंगे वेडीवाकडी असतात, म्हणून दोन-तीन प्रकारे शोधावे. शिपाई नंबर घरातल्या जुन्या ट्रंकेत, पेन्शनच्या कागदांवर सापडतो. तो कागद वाळवीच्या तोंडी जाण्याआधी शिकल्यासवरल्या नातवाच्या हाती द्या.

जायचे असेल तर

रेल्वेने किंवा विमानाने दिमापूर गाठावे. तिथून कोहिमा सुमारे ७५ किलोमीटर, रस्ता घाटाचा आहे. नागालँडमध्ये जायला बाहेरच्या भारतीयांना इनर लाइन परमिट लागते, ते आधीच काढावे. ऑक्टोबर ते मार्च हे महिने चांगले. डिसेंबरच्या पहिल्या दहा दिवसांत हॉर्नबिल उत्सवाची गर्दी असते. रविवारी बाजार बंद असतो, हे ध्यानात ठेवावे. स्मशानभूमी पाहायला पैसे पडत नाहीत. थडग्यांवर बसू नये, मोठ्याने बोलू नये. आणि आपल्या गावचे, आपल्या तालुक्याचे एखादे नाव भिंतीवर दिसलेच, तर ते वहीत उतरवून घ्यावे आणि गावी आल्यावर त्या घरी नेऊन द्यावे.