मुंबई ते न्यूयॉर्क, व्हाया मॉस्को

घरात पृथ्वीचा गोल असेल तर एक दोरा घ्या. एक टोक मुंबईवर, दुसरं न्यूयॉर्कवर धरून घट्ट ताणा. दोरा अरबस्तानाकडे वळेल असं वाटतं, पण तो उत्तरेकडे चढतो. सिंध, बलुचिस्तान, अफगाणिस्तान, कझाकस्तानचा पश्चिम भाग, मग जवळपास मॉस्कोच्या डोक्यावरून फिनलंड, आइसलंड आणि शेवटी कॅनडा. ही वाट सुमारे 12,500 किलोमीटरची. भिंतीवरच्या सपाट नकाशावर पट्टी ठेवून काढलेली रेघ मात्र सौदी अरेबिया, इजिप्त, अल्जीरियावरून जाते. दिसायला ती सरळ, पण मोजली तर 14,200 किलोमीटरच्या घरात भरते.

विमानाचा वेग ताशी साधारण 900 किलोमीटर. म्हणजे चौदा तासांचा प्रवास. पण जाताना त्यापेक्षा जास्त वेळ लागतो, आणि येताना जाण्यापेक्षा दीड-दोन तास कमी. पृथ्वी फिरते म्हणून असं होतं, हे उत्तर हमखास ऐकायला मिळतं. ते चूक आहे. पृथ्वीबरोबर हवाही फिरतेच. खरं कारण जेट स्ट्रीम. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा हा वारा कधीकधी ताशी 200 किलोमीटरच्याही पुढे जातो. परतताना वैमानिक त्याचा फायदा उठवतो, जाताना त्याला चुकवत वाट काढतो. त्यामुळे एकाच मार्गावरचं विमान रोज त्याच रेघेवरून उडत नाही.

वारा निदान भेदभाव करत नाही. देश करतात. 2022 मध्ये युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर रशियाचं आकाश अमेरिकी आणि युरोपीय कंपन्यांना बंद झालं. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्ताननं भारतीय विमानांना दार लावलं. म्हणजे आपल्या दोऱ्याचा एक तुकडा भारतीय कंपनीला वर्ज्य, तर दुसरा अमेरिकी कंपनीला. वळसा आला की इंधन वाढतं, आणि ते वाढीव इंधन वाहून नेण्यासाठीही इंधन जळतं. भार आटोक्यात ठेवायचा तर प्रवासी किंवा माल कमी घ्यायचा, नाहीतर मध्ये कुठेतरी उतरून इंधन भरायचं. तिकीट महागण्यामागे हेही एक कारण असतं.

उरला घड्याळाचा घोळ. न्यूयॉर्क उन्हाळ्यात आपल्यामागे साडेनऊ तास असतं, हिवाळ्यात साडेदहा. उन्हाळ्यात मध्यरात्री एकला मुंबई सोडली आणि सोळा तास उडालात, तर तिथे सकाळचे साडेसात वाजलेले असतात, तारीखही तीच. तिकिटावर सुटण्याची आणि पोहोचण्याची वेळ त्या त्या गावची छापतात. त्यांची थेट वजाबाकी करू नका. प्रवासाचा एकूण कालावधी वेगळा दिलेला असतो, तो पाहा. आणि न्यायला येणाऱ्याला पोहोचण्याची वेळ सांगताना तारीखही सांगा.