हद्दीपलीकडचं स्वस्त : समज आणि हिशेब

फेब्रुवारी 2021 मध्ये परभणीत प्रीमियम पेट्रोलने शंभरी ओलांडली आणि शहराचं नाव देशभरच्या बातम्यांत आलं. मे महिन्यात साधं पेट्रोलही त्याच वाटेने गेलं. परभणीवर कर जास्त आहे आणि तेलंगणात टाकी भरली तर स्वस्त पडतं, असे दोन समज तेव्हापासून पक्के झाले आहेत.

पहिला समज वस्तुस्थितीच्या नेमका उलट. जून 2024 अखेरपर्यंत पेट्रोलवरचा व्हॅट मुंबई, ठाणे, नवी मुंबईत 26 टक्के होता आणि परभणीसह उर्वरित राज्यात 25. लिटरमागे 5 रुपये 12 पैसे अधिभार दोन्हीकडे सारखाच. कराचा दर कमी असूनही भाव चढा राहिला तो वाहतुकीमुळे. मनमाडजवळच्या पानेवाडी डेपोतून टँकर सुमारे तीनशे किलोमीटर धावून परभणीला येतात आणि ते भाडं ग्राहकाच्या माथी बसतं. पंपचालकाचं कमिशन कंपन्या ठरवतात, त्याच्याशी हुज्जत घालून काही हाती लागत नाही. जवळच्या डेपोची मागणी मात्र रास्त आहे.

दुसऱ्या समजाचं काय? पेट्रोल-डिझेल जीएसटीच्या बाहेर आहे, म्हणून राज्यागणिक भाव बदलतो, हे खरं. पण तेलंगणाचा पेट्रोलवरचा व्हॅट 35.2 टक्के! शिवाय परभणीहून ती हद्द शंभराहून अधिक किलोमीटर. लिटरला पन्नास किलोमीटर धावणारी मोटारसायकलही जाऊन-येऊन चार लिटर पिते.

लग्नाच्या बस्त्यासाठी हैदराबाद गाठायची रीत मराठवाड्यात निजामाच्या राज्यापासूनची. तिथे निवड भरपूर, घाऊक बाजार मोठा, दुकानदारांत चढाओढ. त्यामुळे काही वस्तू स्वस्त मिळतात. ‘तिकडे टॅक्स कमी’ हे कारण मात्र 1 जुलै 2017 रोजीच संपलं. एकाच वस्तूवर जीएसटीचा दर देशभर सारखा. 22 सप्टेंबर 2025 ला एसी आणि मोठे टीव्ही 28 वरून 18 टक्क्यांवर आले, ते परभणीत आणि हैदराबादेत एकाच दिवशी. तेव्हा एखाद-दुसऱ्या वस्तूसाठी जाणाऱ्याने गाडीभाडं, मुक्काम आणि बुडालेली मजुरी किमतीत धरावी. गावातल्या दुकानदाराला तोच भाव एकदा सांगून पाहावा. पुष्कळदा तो देतो.

सर्वांत महाग पडतो तो दिल्लीच्या जुन्या गाडीचा मोह. तिकडे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आले आणि त्या कमी भावात बाहेर पडू लागल्या. परराज्यातली गाडी बारा महिन्यांहून जास्त इथे ठेवायची, तर मूळ आरटीओचं ना-हरकत प्रमाणपत्र, महाराष्ट्राचा मोटार वाहन कर आणि एमएच-22 चा नवा क्रमांक, हे सारं आलंच. दिल्लीत भरलेल्या कराचा परतावा हवा असेल, तर अर्जही तिथेच करावा लागतो.

असा व्यवहार करणाऱ्यांनी ना-हरकत प्रमाणपत्र हाती पडण्याआधी पूर्ण पैसे देऊ नयेत आणि गाडीवर थकलेले चलान व बँकेचा बोजा परिवहन पोर्टलवर आधी तपासून घ्यावा.