नवा प्रोसेसर आणि वेगाची खरी मोजणी

सर्व्हरमध्ये नव्या पिढीचा प्रोसेसर बसविला की सारे काम दुप्पट वेगाने होईल, अशी समजूत सर्वत्र आढळते. ती कितपत खरी, हे पाहण्यासाठी घरचाच दाखला घेऊ. चिखल्याच्या भूमिगत खाणीतून मँगनीजचे खनिज वर येते. समजा, ते वर ओढणारे यंत्र दुप्पट वेगाचे आणले, पण खाली खनिज भरण्यास पूर्वीइतकाच वेळ लागतो. तर दिवसाचा माल दुप्पट होईल काय? मुळीच नाही. यंत्र नुसते वाट पाहत राहील.

डेटाबेसचे, म्हणजे संगणकातील नोंदींच्या दप्तराचे, असेच आहे. महाराष्ट्रात १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. अशा दप्तरातून उतारा मागितला की, हवी ती नोंद संगणकाच्या स्मृतीत असल्यास प्रोसेसरला ती सेकंदाच्या सुमारे एक कोटीव्या भागात मिळते. फिरत्या चकतीच्या डिस्कवरून आणावयाची झाल्यास सुमारे शंभरावा भाग लागतो, म्हणजे लाखपट वेळ! समजा, एका कामाला १० सेकंद लागतात. त्यांत ४ हिशेबाचे आणि ६ डिस्कची वाट पाहण्याचे. प्रोसेसर दुप्पट वेगाचा झाला, तर ४ चे २ होतील. एकूण ८ उरतील. दाम दुप्पट मोजावे आणि वेळ पाचव्या हिश्शानेच वाचावा, असा हा व्यवहार आहे.

मग पिढ्यांत फरक नसतो काय? असतो, पण तो नेहमी जाहिरातीतील आकड्यांत दिसत नाही. एएमडी कंपनीच्या एपिक प्रोसेसरची दुसरी पिढी २०१९ मध्ये आणि तिसरी २०२१ मध्ये आली. दोहोंत अधिकात अधिक ६४ गाभे, म्हणजे हिशेब करणारी ६४ स्वतंत्र केंद्रे. परंतु पूर्वी चार गाभ्यांत १६ मेगाबाइटची जवळची स्मृती वाटलेली असे. पुढे आठ गाभ्यांना मिळून ३२ मेगाबाइटची एकच सामाईक झाली. एकेका गाभ्याच्या हाताशी असलेली कोठी त्यामुळे दुप्पट झाली. नोंदी वारंवार चाळणाऱ्या कामाला याचा लाभ होऊ शकतो. उलट, एकाच गटाच्या फेरफाराची नोंद दोघांना एकाच वेळी लिहिता येत नाही. तेथे गाभे कितीही वाढवा, दुसऱ्याने थांबलेच पाहिजे.

म्हणून तुलना करताना नोंदी त्याच, प्रणाली तीच, स्मृती आणि डिस्कही तीच ठेवावी. बदल फक्त प्रोसेसरचा करावा. नुकत्याच सुरू केलेल्या यंत्राची स्मृती रिकामी असते, तेव्हा त्याची मोजणी निराळी धरावी. दहा माणसे आणि दोनशे माणसे, अशा दोन्ही गर्दींत पाहावे. शिवाय सरासरीवर विसंबू नये. शंभरांपैकी ९५ जणांना एका सेकंदात आणि पाच जणांना ४० सेकंदांनी उत्तर मिळाले, तरी सरासरी तीन सेकंदांहून कमीच भरते. त्या पाचांची रखडपट्टी आकड्यात लपून जाते.

अशा मोजणीचे सर्वमान्य नियम ठरविण्यासाठी १९८८ मध्ये अमेरिकेत ‘टीपीसी’ ही संस्था निघाली. तिच्या प्रसिद्ध कसोट्यांत वेगाबरोबर यंत्राची किंमतही सांगावी लागते, हे फार शहाणपणाचे आहे. सार्वजनिक पैशाने सर्व्हर घेताना हाच प्रश्न आधी विचारावा: काम अडते कोठे? अडचण डिस्कची असेल, तर नवा प्रोसेसर घेऊनही खिडकीपुढची रांग तेवढीच राहील.