मागणी, वसूल आणि बाकी

जमीनमहसुलाच्या जुन्या दप्तरात प्रत्येक गावापुढे तीन रकाने असत: मागणी, वसूल आणि बाकी. मागणीचा आकडा मोठा आहे एवढे सांगून कोणाही मामलेदाराची सुटका होत नसे. वर्षअखेर त्याला जाब द्यावा लागे तो बाकीचा. मधुमेह, रक्तदाब, हृद्रोग, पक्षाघात, कर्करोग अशा, संसर्गाने न पसरणाऱ्या पण एकदा आले की जन्माची सोबत करणाऱ्या रोगांविरुद्ध आपल्या देशाने जी मोहीम आरंभिली आहे, तिचा विचार पनवेलसारख्या तालुक्याच्या गावी बसून करू लागलो, तेव्हा हे तीन रकाने मला वारंवार आठवले. किती लोकांची तपासणी झाली, किती रोगी सापडले, ही मागणी मोहिमेच्या कागदांत ठळकपणे मांडलेली असते. त्यांपैकी किती जणांचा रोग आज आटोक्यात आहे, हा वसूल शोधावा लागतो. आणि जे एकदा येऊन गेले ते पुन्हा का आले नाहीत, ती बाकी मांडण्याचा शिरस्ता आपल्या आरोग्यखात्यात अद्याप पुरता रुजलेला नाही.

पनवेलची नगरपालिका १८५२ सालची आणि महानगरपालिका २०१६ सालची. या दोन सालांमध्ये जे घडले त्यात या रोगांचा अर्धा इतिहास सामावलेला आहे. खाडीत पडाव लागत, तेथून माल बैलगाड्यांवर चढून बोरघाटाच्या वाटेला लागे, आणि भोवतालच्या गावांतून भाताची शेती, मिठागरे आणि मासेमारी चाले, तेव्हा माणसाचे शरीर दिवसभर राबतच असे, त्याला मुद्दाम राबविण्याची तजवीज करावी लागत नसे. पुढे सिडकोने नवे शहर वसविले, भातखाचरांवर इमारती उठल्या, कळंबोलीस पोलादाचा बाजार आला, आणि आता विमानतळही आला. एका पिढीत श्रम गेले. ताटातला भात मात्र तेवढाच राहिला आणि त्याच्या शेजारची खारवलेली मासळी, पापड आणि लोणचेही राहिले. दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ खावे हा जागतिक आरोग्य संघटनेचा दंडक ज्याला आमच्या आगरी-कोळी घरांत समजावून सांगावयाचा असेल, त्याने प्रथम एखाद्या श्रावणाआधीच्या जेवणाला तेथे बसावे, एवढेच मी म्हणेन. याच गावात १८७२ साली धूतपापेश्वरचा औषधी कारखाना निघाला. ज्या शास्त्राच्या आधाराने तो निघाला त्यातील सुश्रुताने प्रमेहाचे, म्हणजे मधुमेह ज्यात मोडतो त्या रोगाचे, सहज आणि अपथ्यनिमित्तज असे दोन भेद केले होते; तेव्हा जन्मतः आलेला आणि खाण्यापिण्याने ओढवून घेतलेला हा विवेक आपल्याला परदेशातून आणावा लागला, असे समजण्याचे कारण नाही.

तथापि ‘ओढवून घेतलेला’ हा शब्द जपून वापरावा. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी जिल्ह्यातील सहा खेड्यांतील मातांचा आणि अर्भकांचा अभ्यास १९९३ पासून केला. त्यात असे दिसले की, तेथील बालक जन्मतः सरासरी पावणेतीन किलोच्या आतबाहेर, म्हणजे इंग्रज बालकाहून पुष्कळच हलके भरते. परंतु उणीव असते ती स्नायूंची, चरबी मात्र त्या मानाने टिकून असते. बाहेरून कृश आणि आतून मेदयुक्त असे हे मूल पुढे शहरात येऊन खुर्चीवर बसले, तर त्याला चाळिशीत मधुमेह व्हावा यात त्याच्या जिभेचा दोष किती आणि त्याच्या आईच्या रिकाम्या पोटाचा किती? रोग्याला उपदेश करण्याची आपल्याला जी हौस आहे, ती या प्रश्नापुढे थोडी आवरावी हे बरे.

आपल्या सरकारी आरोग्यव्यवस्थेचे बालपण साथींत गेले. १८९६ साली मुंबईत प्लेग शिरला, पुढच्याच वर्षी साथरोगाचा कायदा झाला, आणि रोग म्हणजे बंदोबस्ताची बाब, ही समजूत खात्याच्या अंगवळणी पडली. साथ येते, टोचणी होते, साथ जाते. देवीचे तर १९७७ साली समूळ उच्चाटनच झाले. या नव्या रोगांना असे जाणेच ठाऊक नाही. कर्करोगासाठी राष्ट्रीय कार्यक्रम १९७५ च्या सुमारास निघाला. मधुमेह, हृद्रोग व पक्षाघात यांना त्याच्याशी एकत्र बांधणारा कार्यक्रम २०१० साली शंभर जिल्ह्यांत सुरू झाला. दरम्यान देशातील एकूण मृत्यूंमधील या रोगांचा वाटा १९९० च्या ३७.९ टक्क्यांवरून २०१६ पर्यंत ६१.८ टक्क्यांवर गेला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीने २०२३ साली मधुमेहींची संख्या १०.१ कोटी सांगितली.

पनवेल तालुक्यातच, खारघरला, टाटा स्मारक केंद्राची संशोधनसंस्था आहे. परळची जुनी कर्करोग संशोधनसंस्था २००२ साली येथे आली. आता तेथे प्रोटॉन किरणांनी उपचार होतात, आणि ते यंत्र पाहून अभिमान वाटावा हे स्वाभाविकच आहे. परंतु याच केंद्राच्या नावावर दुसरे एक काम आहे, ज्याचे साहित्य म्हणजे कापसाचा बोळा आणि सौम्य आम्ल, घरगुती भाषेत शिरका. गर्भाशयमुखाला ते लावले की संशयास्पद जागा मिनिटभरात पांढरी दिसते. मुंबईच्या झोपडवस्त्यांत सुमारे दीड लाख स्त्रियांची पाहणी १९९८ पासून झाली. त्यांपैकी निम्म्या वस्त्यांत बेताच्या शिक्षणाच्या कार्यकर्त्या मुलींनी दर दोन वर्षांनी अशा चार फेऱ्या केल्या, आणि त्या वस्त्यांत या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. त्याच सुमारास धाराशिवच्या, तेव्हाच्या उस्मानाबादच्या, ४९७ खेड्यांत जी पाहणी झाली तीत हीच तपासणी एकदाच केली, आणि मृत्यूंत म्हणण्याजोगा फरक पडला नाही. एकदाच करून मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आणले ते हा कर्करोग घडविणाऱ्या विषाणूच्या महागड्या चाचणीने. शहर आणि खेडे यांच्या तुलनेतून फार मोठा निष्कर्ष काढू नये हे मान्य. तरीपण स्वस्त साधनाला पुन्हा पुन्हा जावे लागते, आणि जाणारी मुलगी चौथ्या फेरीपर्यंत पगारावर टिकवावी लागते, हे मला यात स्वच्छ दिसते.

तंबाखूविषयी थोडक्यात लिहितो, कारण तेथे कायदा पुष्कळ आहे. २००३ चा केंद्राचा कायदा, २०१२ ची आपल्या राज्याची गुटखाबंदी, पुड्यांवरील भयंकर चित्रे, हे सारे झाले. राज्यातील प्रौढांत तंबाखू घेणारे ३१.४ टक्क्यांवरून २०१६-१७ च्या पाहणीत २६.६ टक्क्यांवर आले. पण मिश्री लावणाऱ्या बाईला आपण तंबाखू घेतो असे वाटतच नाही. ती दात घासते. तिच्यापर्यंत हुकूम पोहोचत नाही, पोहोचली तर शेजारीण पोहोचते.

रक्तदाबाची गोष्ट याहून साधी आणि म्हणूनच अधिक बोचणारी आहे. गोळी स्वस्त आहे, उपचाराचा क्रम ठरलेला आहे. २०१७ च्या अखेरीस पाच राज्यांतील पंचवीस जिल्ह्यांत जो उपक्रम सुरू झाला, आणि ज्यात आपले सिंधुदुर्ग, सातारा, भंडारा व वर्धा हे जिल्हे होते, त्याने वेगळे काय केले? एक ठरीव औषधक्रम, एकदम महिन्याच्या गोळ्या, आणि प्रत्येक रोग्याच्या नावाचे कार्ड, ज्यावरून न आलेला माणूस ओळखता यावा. म्हणजे बाकीचा रकाना! आशाताई तिशीपुढच्या प्रत्येकाचा अर्ज दारोदार जाऊन भरते, त्याला ती ‘सीबॅक’ म्हणते. तो अर्ज मागणीचा झाला. पण कळंबोलीच्या बाजारात ट्रक लावून झोपणाऱ्या चालकाचा दाब एखाद्या शिबिरात वाढलेला निघाला, तर पुढच्या महिन्याची गोळी त्याला कोणत्या राज्यात मिळावयाची? त्याचे कार्ड पनवेलला आणि तो नागपूरच्याही पलीकडे. अशा माणसासाठी देशभर चालणारा दाखला हवा, आणि जेथे तो उतरेल तेथील उपकेंद्रात त्याच गोळ्या शिल्लक हव्यात. राष्ट्रीय कार्यक्रम यातील ‘राष्ट्रीय’ हा शब्द मला तरी एवढ्याचसाठी आवश्यक वाटतो.

तेव्हा प्रत्येक आरोग्यकेंद्राच्या भिंतीवर दर महिन्याला तीनच आकडे लिहिले जावेत: रोगी किती, आटोक्यात किती, या महिन्यात न आलेले किती. तिसरा आकडा दडविणाऱ्याला नव्हे, तर मोठा असूनही प्रामाणिकपणे लिहिणाऱ्याला वरिष्ठांनी शाबासकी द्यावी. खर्च एका फळ्याचा आणि खडूचा आहे.