दोन रकान्यांचे पान यंत्राने कसे वाचावे?

अमेरिकेत राहणारी आपली नातवंडे हल्ली आजी-आजोबांच्या पेट्यांतील हगादा, प्रार्थनापुस्तके, मासिकांचे जुने अंक स्कॅन करू लागली आहेत. काम चांगले आहे. पण त्यांतल्या पुष्कळांना मराठी वाचता येत नाही. यंत्र जो मजकूर काढून देईल तोच त्यांच्या हाती राहतो. म्हणून ते यंत्र पान कसे वाचते हे आपण वडीलधाऱ्यांनी समजून घेतलेले बरे.

स्कॅन केलेले पान म्हणजे नुसता फोटो. त्यातून अक्षरे ओळखणारी 'टेसरॅक्ट' नावाची संगणक-प्रणाली फुकट मिळते. ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीने ती १९८५ ते १९९४ या काळात इंग्लंडातील ब्रिस्टल आणि अमेरिकेतील कोलोराडो राज्यातल्या ग्रीली येथे तयार केली. २००५ साली ती सर्वांना खुली झाली. ती मराठीही वाचते आणि हिब्रूही.

अक्षरांच्या आधी तिला पानाची मांडणी ठरवावी लागते. ओळींच्या कडा कोठे एका सरळ रेषेत येतात हे पाहून ती रकान्यांचा अंदाज बांधते. पान तिरके पडले किंवा दोन रकान्यांमधली मोकळी पट्टी अरुंद असली की अंदाज चुकतो. त्यात आपली पुस्तके हिब्रू उजवीकडून आणि मराठी डावीकडून वाचायची! पुण्यात १८७४ साली छापलेली हिब्रू-मराठी हगादा आपल्याला ठाऊक आहेच. दोन्ही भाषा शेजारी शेजारी असलेल्या पानावर रकाने एकमेकांत मिसळले, तर किद्दूशच्या मधेच मराठी सूचना घुसते. नावांच्या यादीत एकाच्या मुलाला दुसऱ्याचा बाप मिळतो. न्यू जर्सीतल्या नातवाला ते कळणार कसे?

वेगळे काही सांगितले नाही तर टेसरॅक्ट 'पीएसएम ३' वापरते, म्हणजे मांडणी आपली आपण ठरवते. एका रकान्याच्या साध्या पानाला तेवढे पुरते. दोन भाषांच्या पानाला मात्र आमच्या मते ते नकोच. प्रत्येक रकाना चित्रातूनच वेगळा कापावा आणि 'पीएसएम ६' द्यावे. त्याचा अर्थ, हा एकच सलग मजकूर आहे. मराठीच्या तुकड्याला मराठी, हिब्रूच्या तुकड्याला हिब्रू, अशी एकेकच भाषा सांगावी. पानभर विखुरलेल्या छापील नावांसाठी 'पीएसएम ११' आहे. स्कॅन इंचाला ३०० ठिपक्यांचे असावे. हस्ताक्षरासाठी ही प्रणाली बनवलेलीच नाही. ते कोणीतरी बसून उतरवून काढायला हवे.

मजकूर हाती आला की मूळ पान शेजारी ठेवून एकदा मोठ्याने वाचावा, फोनवरून नातवंडाला ऐकवत वाचला तरी चालेल. रकाना चुकला असेल तर दोन-चार ओळींतच जीभ अडखळते. आणि कापलेले तुकडे हवे तितके करा, अखंड पानाचे मूळ स्कॅन मात्र पुसू देऊ नका.