एग्मोरहून निघालेला एक ठोका

चेन्नईच्या एग्मोर स्टेशनावर उभं राहून त्या नावाचे ठोके मोजा. तमिळ माणूस म्हणतो ए-ळुम्-बूर, तीन ठोके. मधला व्यंजनध्वनी आपल्या 'ळ'च्या जवळचा, पण तो नव्हे. इंग्रजीत त्याच नावाचं झालं एग्-मोर. एक ठोका वाटेतच गळाला!

या ठोक्याला भाषाविज्ञानात 'अक्षर' म्हणतात: एका स्वराभोवती गोळा झालेला उच्चाराचा घास. कागदावरचं अक्षर वेगळं, तोंडातलं वेगळं. 'मीटरगेज' लिहायला पाच अक्षरं लागतात. बोलताना तीनच, मी-टर-गेज.

एग्मोर हे कितीतरी वर्षं मीटरगेजचं मोठं ठाणं होतं. इंग्रजीत 'मीटर-गेज' रुळांना लावलं, की ते जोडविशेषण होतं: दोन शब्द संयोगचिन्हानं बांधून नामापुढे उभे केलेले. अशा शब्दाची अक्षरं पाडताना पहिला घाव सांध्यावर घालायचा, मग एकेक तुकडा फोडायचा. लाँग-डिस्टन्स: लाँग, डिस्, टन्स.

आता गंमत पाहा. १९०८ साली सुरू झालेल्या या स्टेशनाच्या इमारतीवर घुमट आहेत. अशी इमारत लाल घुमटांची असली, तर तिला 'रेड-डोम्ड' म्हणा: दोन अक्षरं. लाल रंगवलेली असली, तर 'रेड-पेंटेड' म्हणा: तीन! इंग्रजी लिपीत दोन्हींचं शेपूट एकच, 'ईडी'. मग एक जादा अक्षर आलं कुठून? 'पेंट'च्या शेवटी 'ट' आहे, शेपटात 'ड'. 'ट' आणि 'ड' म्हणताना जीभ एकाच जागी टेकते. ते लागोपाठ आले की वेगळे ऐकू येत नाहीत. म्हणून जीभ मध्ये एक छोटासा स्वर सरकवते, आणि स्वर आला की अक्षर आलंच. 'डोम'चा 'म' ओठांवरचा, त्याला ही अडचण नाही.

सांधा मात्र इंग्रजीत शाबूत राहतो. 'रेड-आइड'मधला 'ड' कोश 'रेड'लाच देतो. आपल्याकडे? एग्मोरहून तंजावरला जा. ज्या मंदिराच्या भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरवला, त्याचं नाव म्हणा: बृ-ह-दीश्-वर. मूळ 'बृहत्' आणि 'ईश्वर'. 'त्'चा 'द्' झाला आणि पुढच्या शब्दाच्या 'ई'त जाऊन बसला. आता 'बृहत्' कुठे संपला, ते त्या 'दी'वर बोट ठेवून दाखवा पाहू!